जांभळ्या गोळ्याचं फूल आणि माझे सतरा हजार : शोभेचं अ‍ॅलियम लावणं, जपणं आणि विकणं

मागच्या व्हिडिओत गार्डनिंगच्या छोट्या धंद्यांबद्दल बोलताना मी अ‍ॅलियमचा विषय दोन मिनिटांत उरकला होता. तो दोन मिनिटांचा विषय नाही. आज नीट, सगळं लिहिते.

फूल तुम्ही पाहिलंच असेल. उंच, सरळ, हिरवा दांडा, त्याला मध्ये एकही पान नाही, आणि टोकाला जांभळ्या चांदण्यांचा गच्च गोळा. कधी लिंबाएवढा, कधी थेट नारळाएवढा. परदेशी बागांच्या फोटोत अशी शंभर-दोनशे फुलं एकत्र उभी असतात आणि आपण मोबाईल हातात धरून विचार करतो की हे आपल्याकडे कुणीच विकत नाही, म्हणजे केवढा चान्स आहे! मीही असंच म्हणाले होते. पण "कुणीच विकत नाही" हे ऐकलं की आता मी पहिल्यांदा "का विकत नाही?" असं विचारते. तेव्हा विचारलं नव्हतं.

आधी माझा हिशोब सांगते, मग झाडाकडे वळू.

चार वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून मी १५० कंद घेतले. भाव ₹९० ला एक, म्हणजे ₹१३,५००. "भारतात कुठेही येतं, कांद्यासारखंच आहे," असं त्यानं फोनवर सांगितलं, आणि मला ते पटलं, कारण माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. कांदा आपल्या घरचाच! त्यातले ९० कंद मी सुंदर खोक्यात घातले, बरोबर मातीचं पाकीट, लावणीची चिठ्ठी, वर रिबन. एका खोक्याचा खर्च ₹४०. विकले ₹२५० ला. दिवाळीच्या गिफ्टसाठी दहा दिवसांत सगळे संपले. हातात ₹२२,५०० आले आणि मला वाटलं, जमलं.

डिसेंबरमध्ये पानं आली. कस्टमरनी फोटो पाठवले, मी हार्ट पाठवले. फेब्रुवारीत पानं पिवळी पडली, सुकली, संपली. एकाही कुंडीत दांडा आला नाही. माझ्याकडच्या उरलेल्या ६० कंदांतही नाही. मग फोन सुरू झाले. मी सगळ्यांचे पैसे परत केले. कंदांचे १३,५०० आणि खोक्यांचे ३,६०० मिळून १७,१०० गेले, कुरिअर वेगळं. पैसे परत केल्यामुळे त्यातले बरेच कस्टमर आजही माझ्याकडे येतात, पण ती फुशारकी नंतर. मुद्दा असा की माझी चिठ्ठी बरोबर होती, माती चांगली होती, लोकांनी पाणीही वेळेवर घातलं होतं. चुकलं काय?

ते मला कळलं मार्चमध्ये, मामांच्या शेतात. मामा कांद्याचं घरचं बियाणं धरतात. बांधावर उभं राहून मी रडगाणं गात होते आणि समोर त्यांच्या कांद्याचे पांढरे गोंडे वाऱ्यावर डुलत होते, मधमाश्या घोंगावत होत्या. मामा म्हणाले, "अगं, याला गारवा लागतो. गारवा मिळाला तरच कांदा डेंगळा टाकतो. तुझा कांदा बर्फाच्या देशातला. त्याला आपली थंडी म्हणजे उन्हाळाच की!"

एका वाक्यात सगळं आलं. आता तेच जरा शास्त्रानं समजून घेऊ, कारण हे कळलं की कुठलाही परदेशी कंद घेताना तुम्ही फसणार नाही.

अ‍ॅलियम म्हणजे कांदा-लसणाचं कुळ. लॅटिनमध्ये लसणालाच अ‍ॅलियम म्हणत. आपला कांदा, लसूण, परदेशी लीक, चाइव्ह्ज हे सगळे यातलेच, आणि एकूण जाती आठशेच्या वर आहेत. त्यातल्या ज्यांची फुलं देखणी, त्यांना शोभेचं अ‍ॅलियम म्हणायचं, एवढंच. हिमालयातही यांचे रानटी भाऊबंद आहेत. उत्तराखंडात डाळीला ज्या फरणची फोडणी देतात, तो त्यांच्यातलाच एक. पण फोटोत दिसणारे ते मोठे गोळे, म्हणजे जायगँटियम, क्रिस्तोफी, हॉलंडिकम, यांची मूळ घरं इराण, तुर्कस्तान आणि मध्य आशियाच्या डोंगरांत. हॉलंडिकम नावावर जाऊ नका. हॉलंडमध्ये ते वाढवतात आणि विकतात, जन्म तिथला नाही.

त्या डोंगरांतलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. हिवाळ्यात बर्फ. वसंतात बर्फ वितळतो, दोन-तीन महिने जमिनीत ओल असते. मग कडक, कोरडा उन्हाळा, पाण्याचा थेंब नाही. कंदानं आपलं सगळं आयुष्य या वेळापत्रकात बसवलं आहे. शरद ऋतूत मुळं सोडायची, हिवाळाभर जमिनीखाली गारठ्यात थांबायचं, वसंतात घाईघाईनं पानं काढायची, फुलायचं, आणि उन्हाळा लागला की वरचं सगळं सुकवून खाली झोपी जायचं. थंडी ही त्याची घड्याळाची घंटा आहे. साधारण तीन ते चार महिने सलग गारठा मिळाला, की कंदाच्या आतला फुलाचा दांडा लांब व्हायला तयार होतो. घंटा वाजलीच नाही तर पानं येतात, पण दांडा येत नाही. माझ्या १५० कंदांचं नेमकं हेच झालं.

पुण्यात जानेवारीत एखाद्या पहाटे पारा ८-१० अंशांवर जातो आणि आपण स्वेटर काढतो. पण त्याच दिवशी दुपारी २८-३० अंश असतात, कुंडीची माती तापते. महाबळेश्वरलाही सलग तीन महिने तसा गारठा नसतो. मग आपला कांदा नाशिकला कसा डेंगळतो? कारण पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच शेतकऱ्यांनी इथे निवडलेल्या जातींना थोड्याशा गारव्यातच दांडा येतो. कूळ तेच, पण थंडीची भूक वेगळी. "कांद्यासारखंच आहे" हे माझ्या पुरवठादाराचं वाक्य अर्धं खरं होतं, आणि धंद्यात अर्धं खरं वाक्य पूर्ण खोट्यापेक्षा महाग पडतं.

दुसरी अडचण थंडीहून मोठी आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. या कंदाला झोपेत कोरडं लागतं. त्याची झोप उन्हाळ्याच्या मध्यापासून पुढे, आणि आपला पाऊस बरोबर तेव्हाच! जून ते सप्टेंबर ओल्या मातीत झोपलेला कंद सडतो. म्हणजे समजा जादूनं एकदा फूल आलंच, तरी पुढच्या वर्षी कंद उरणार नाही.

जिथे ते खरंच येतं, तिथे कसं लावायचं

हा भाग मुद्दाम सविस्तर लिहिते. आपल्या वाचकांत ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, कॅनडात राहणारे बरेच आहेत, तिथे मागच्या अंगणातून छोटा धंदा करणारेही आहेत. काहींचे हिमाचलमध्ये, उत्तराखंडच्या वरच्या भागात होमस्टे आहेत. तिथे हिवाळ्यात गोठवणारी थंडी आणि पाण्याचा निचरा होणारा उतार असेल तर करून बघण्यासारखं आहे, मात्र तिथेही पावसात कंद कोरडा कसा राहील ते आधी बघा.

लावणी सप्टेंबर ते नोव्हेंबर. कंद हातात घेऊन दाबून बघा. टणक हवा, मऊ किंवा बुरशी लागलेला बाजूला काढा. खोली मोजायची सोपी रीत म्हणजे कंदाच्या उंचीच्या तिप्पट-चौपट. मोठ्या जातींसाठी ते १५ ते २० सेंटीमीटर होतं, लहान कंदांसाठी १० पुरे. बहुतेक लोक उथळ लावतात आणि मग दांडा वाऱ्यानं कलंडतो. टोक वर, बुड खाली. मोठ्या कंदांत २०-३० सेंटीमीटरचं अंतर, छोट्यांत ८-१०. सरळ रांगेत लावू नका, सात-नऊचे पुंजके करा, दिसायला फरक पडतो आणि फोटो चांगले येतात. फोटो म्हणजे तुमची जाहिरात, हे काय वेगळं सांगायला नको.

जागा पूर्ण उन्हाची. माती चिकट असेल तर खड्ड्याच्या तळाशी जाडसर वाळू किंवा बारीक खडी मिसळा. शेणखत ताजं कधीच नाही. वसंतात पानं दिसू लागली की पोटॅश जास्त असलेलं खत एकदा हलकं द्या. नत्र जास्त दिलंत तर पानं माजतात आणि दांडा लुळा पडतो. आपले कांदावाले हे बिनपुस्तकाचं जाणतात.

आता एक गोष्ट जी नव्या माणसाला घाबरवते. फूल उमलायच्या सुमारास खालची पानं पिवळी पडून सुकू लागतात. रोग नाही, तो त्याचा स्वभाव आहे. पानं पूर्ण वाळेपर्यंत कापायची नाहीत, कारण पुढच्या वर्षीच्या फुलाचं भांडवल त्या पानांतून कंदात उतरत असतं. मग ते पिवळं दिसणं लपवायचं कसं? पुढे दुसरी दाट, बुटकी झाडं लावायची. तिकडे शोभेची गवतं किंवा रानजिरेनियम लावतात. गोळे वर तरंगतात, सुकलेली पानं झाकली जातात.

पहिल्यांदा करणाऱ्यानं "पर्पल सेन्सेशन" घ्यावं. हॉलंडिकमची ही जात स्वस्तातली, दोन-तीन फूट उंच, मे-जूनमध्ये फुलते आणि भरवशाची आहे. जायगँटियम पाच-सहा फुटांपर्यंत जातं, रुबाब आहे पण कंद महाग. "ग्लोबमास्टर" हा संकर, गोळा १५ ते २० सेंटीमीटरचा, फूल बरेच आठवडे टिकतं. क्रिस्तोफी बुटकं, पण गोळा मोठा, विरळ, चांदीसारखी झाक असलेला. विकायच्या दृष्टीनं माझं मत क्रिस्तोफीला, कारण ते सुकल्यावरही सुंदर दिसतं. सगळी फुलं ताजी विकायची धावपळ नको. गोळा झाडावरच अर्धवट सुकू द्यायचा, दांड्यासकट कापायचा, सावलीत उलटा टांगायचा, आणि नाताळात सजावटीसाठी विकायचा. एका कंदाचे दोन सीझन.

रोग-किडी कांद्याच्याच. पांढरी सड लागली तर तो कंद मातीसकट काढून टाकायचा आणि त्या जागी बरीच वर्षं कांद्याच्या कुळातलं काही लावायचं नाही, ती बुरशी मातीत मुक्काम करते. कोवळ्या पानांवर गोगलगायी येतात. तीन-चार वर्षांनी पुंजका दाट झाला, फुलं लहान झाली, की पानं वाळल्यावर खणून कंद वेगळे करून पुन्हा लावायचे. यातून तुमचा मालही वाढतो.

"मॅडम, फ्रिजमध्ये ठेवून येत नाही का?"

हा प्रश्न येणारच. येतं, कधी कधी. कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात बारा ते सोळा आठवडे ठेवायचे आणि डिसेंबरच्या थंडीत कुंडीत लावायचे. शेजारी सफरचंद, केळी ठेवायची नाहीत, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि तो कंदातला कळा मारतो. एवढं करूनही आपल्याकडे दांडा अनेकदा आखूड राहतो, आणि एकदा फुलून गेल्यावर कंद संपला असंच धरायचं. हौस म्हणून घरी पाच कंद करा, मजा येईल. पण धंदा म्हणून हिशोब मांडा. कंद ₹९०, तीन-चार महिने फ्रिजची जागा, कुंडी-माती, त्यात निम्मे फुलले तर एका फुललेल्या कुंडीचा कंदाचाच खर्च ₹१८०. वर कस्टमरला सांगायचं की पुढच्या वर्षी हे येणार नाही. कोण घेईल?

आणखी दोन सापळे. पहिला, ऑनलाइन मिळणारी "अ‍ॅलियम ग्लोबमास्टरची बियाणी". ग्लोबमास्टर वांझ संकर आहे, तो बी धरतच नाही. त्याचा फक्त कंद असतो. म्हणजे पाकिटावर ते नाव दिसलं की आत काहीही असू शकतं, ग्लोबमास्टर नक्की नाही. जायगँटियमचं बी खरं असतं, पण बियापासून फुलापर्यंत तीन ते पाच वर्षं लागतात, तीही थंड प्रदेशात. दुसरा सापळा, परदेशातून पार्सलनं कंद मागवणं. आपल्याकडे २००३ चा प्लँट क्वारंटाइनचा आदेश आहे. झाडं, बी, कंद आयात करायला परवाना आणि तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं. "गिफ्ट म्हणून पाठव" हा मार्ग नाही. कुणाच्या शेतात कांद्याचा नवा रोग तुमच्या पार्सलमधून आला तर? माझ्या मामांचं शेत डोळ्यांसमोर येतं म्हणून जरा जोरात सांगते.

मग आपण काय विकायचं?

याचं उत्तर मला त्याच बांधावर मिळालं. मामांच्या शेतातले ते गोंडे मी चार दांडे कापून आणले, काचेच्या उंच बाटलीत ठेवले आणि फोटो टाकला. तीन जणींनी विचारलं, "हे इम्पोर्टेड अ‍ॅलियम का गं?" मी म्हटलं, "कांदा आहे. निफाडचा."

मंडळी, आपल्या स्वयंपाकघरातला कांदा हे शोभेचं अ‍ॅलियमच आहे. फक्त त्याला कुणी फुलू देत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साठवणीतला उन्हाळी कांदा मोड आलेला दिसला की टाकू नका. दहा-बारा इंची खोल कुंडीत, मान जेमतेम मातीखाली राहील असा लावा, एका कुंडीत तीन. पूर्ण ऊन. माती सुकत आली की पाणी, रोज नाही. घाट माथ्यावर, नाशिक, पुणे, नगर भागात जानेवारी-फेब्रुवारीत मधे फुगलेला पोकळ दांडा वर येतो, अडीच-तीन फूट होतो, पातळ पांढरी टोपी फाटते आणि आतून शेकडो बारीक फुलांचा गोळा उमलतो. बांबूच्या काडीचा आधार द्या, दांडा पोकळ असल्यामुळे वाऱ्यात मोडतो. मुंबई-कोकणात गारवा कमी, तिथे दर कुंडीत दांडा येईलच असं नाही, तेव्हा तिथल्यांनी यावर धंदा उभारू नका, गंमत म्हणून करा.

फुलदाणीत ठेवताना पहिल्या दिवशी पाण्याला कांद्याचा वास येतो. ते पाणी टाकून नवं भरायचं, मग वास बराच कमी होतो. जेवणाच्या टेबलावर तरीही नको, दारातल्या कोनाड्यात छान. मी हे गोंडे फोटोग्राफी स्टुडिओ आणि एका सजावटवाल्या ताईंना दांड्याच्या हिशोबानं देते. सुकवलेले जास्त जातात. बियाणं धरणाऱ्या शेतकऱ्याकडून मागणार असाल तर सरळ बोला आणि पैसे द्या. प्रत्येक गोंडा म्हणजे त्याचं बी आहे, फुकट "चार दांडे घेते हं" म्हणू नका. मामांकडून मी आता रीतसर विकत घेते. पहिल्या वर्षी मामींनीच हळूच सुनावलं होतं.

पण रोजच्या विक्रीचं झाड म्हणाल तर माझी पसंती गार्लिक चाइव्ह्जला. हेही खरंखुरं अ‍ॅलियम, नाव ट्यूबरोसम. चपटी, लसणाच्या पातीसारखी पानं, वास लसणाचा, आणि उन्हाळा-पावसाळ्यात पांढऱ्या चांदण्यांचे छोटे झुबके. याला गारठ्याची घंटा लागत नाही. आपल्या पावसातही टिकतं, मात्र कुंडीचं भोक मोकळं हवं. चिनी आणि कोरियन स्वयंपाकात हे भरपूर वापरतात, आपल्याकडे मणिपुरात घरोघरी असतं. कस्टमरला एकाच कुंडीत फूल आणि चटणी, दोन्ही. हे सांगितलं की विक्री अर्धी झालीच.

बी काळं, कांद्याच्या बियासारखं. ताजंच घ्यायचं, कांदा-कुळातल्या बियांची उगवण वर्षभरानंतर झपाट्यानं पडते. पण त्याहून सोपं म्हणजे फुटवे वेगळे करणं. वीसेक फुटव्यांचं जून बेट काढायचं, मुळं अलगद सोडवायची, पानं चार बोटं ठेवून कापायची आणि चार-चार फुटवे एका सहा इंची कुंडीत लावायचे. एका बेटाच्या पाच कुंड्या. मी हे पाऊस स्थिरावला की करते, दुसऱ्यांदा फेब्रुवारीत. मिश्रण साधं : चार भाग माती, तीन भाग जुनं कंपोस्ट, तीन भाग कोकोपीट आणि जाड वाळू मिळून. सहा आठवड्यांत कुंडी विकण्याजोगी भरते. पानं कापताना जमिनीपासून दोन बोटं वर कापायची, पुन्हा फुटतात. फुलकिडे आले तर पानांवर चंदेरी चट्टे दिसतात. निंबोळी अर्क संध्याकाळी फवारायचा, आणि विकायच्या आधीच्या आठवड्यात काहीच नाही, कारण लोक ते खाणार आहेत.

जांभळाच रंग हवा असं म्हणणारा कस्टमर असतोच. त्याच्यासाठी सोसायटी गार्लिक. नावात गार्लिक असलं तरी हे अ‍ॅलियम नाही, दक्षिण आफ्रिकेतलं टुलबागिया, लांबचं नातं. फिकट जांभळ्या फुलांचे झुबके, पान चुरडलं की लसणाचा वास, उन्हाला आणि पाण्याच्या ओढीला दाद देत नाही. हेही बेट फोडून वाढतं. लेबलवर "अ‍ॅलियम" लिहायचा मोह होतो, कारण नाव विकतं. लिहू नका. जे आहे तेच नाव लिहा.

आता कॉस्टिंग. हे माझ्याकडचे आकडे आहेत, तुमच्या गावात बदलतील, पण रकाने हेच ठेवा. सहा इंची कुंडी ₹२०. मिश्रण ₹१८. फुटवे ₹१०, घरचे असले तरी शून्य धरायचं नाही, ते बेट मी दोन वर्षं सांभाळलंय. लेबल आणि पॅकिंग ₹२२. झाले ७०. माझा वेळ, लावणं आणि सहा आठवडे पाणी, कुंडीमागे ₹३०. शंभर झाले. दहातली एक मरते किंवा विकण्यालायक होत नाही, त्याचे ₹१०. एकूण ११०. विकते १८० ला, डिलिव्हरी कस्टमरची. हातात ₹७०. महिन्याला ४० कुंड्या गेल्या तर ₹२,८०० आणि वेळेचे १,२०० वेगळे. श्रीमंत कुणी होत नाही, पण गच्चीवरच्या एका कोपऱ्यातून घरचं वीजबिल आणि भाजी निघते, आणि यात पैसे परत द्यायची वेळ माझ्यावर आजवर दोनदाच आली.

त्यातली एक वेळ सांगते, कारण तुमच्या लेबलमध्ये ही ओळ हवीच. एका ताईंच्या मांजरानं पानं कुरतडली आणि ते आजारी पडलं, डॉक्टरांकडे न्यावं लागलं, नंतर बरं झालं. कांदा-लसणाचं सगळं कूळ मांजर-कुत्र्यांना विषारी आहे, त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी त्यानं बिघडतात. मला हे माहीत होतं, लेबलवर नव्हतं. चूक माझी. आता प्रत्येक कुंडीवर आणि ऑर्डर घेतानाच विचारते, "घरात मांजर, कुत्रा आहे का?" आहे म्हणाले तर मी मोगरा सुचवते.

माझ्या लेबलवर सध्या हे छापलेलं असतं, हवं तर तसंच घ्या :

"गार्लिक चाइव्ह्ज. चार-पाच तास ऊन. बोटभर माती कोरडी लागली की पाणी. पानं दोन बोटं ठेवून कापा, खाता येतात, फुलंही. पावसात कुंडीखालची ताटली काढा. दोन वर्षांनी बेट फोडून नव्या कुंडीत लावा. मांजर-कुत्र्यांपासून लांब ठेवा."

बेट फोडायचा व्हिडिओ पुढच्या रविवारी टाकते. ज्यांना करून बघायचंय त्यांनी तोपर्यंत एक जून कुंडी आणि एक जुनी करवतीची सुरी तयार ठेवा. आणि साठवणीतला मोड आलेला कांदा दिसला, तर तोही बाजूला काढून ठेवा.